चारशे सतरा नंबरचा बल्ब

१

सिग्नल म्हणजे काय हे लोकांना समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आलाय, तरी एकदा सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्यावरच उभी आहे. नवा स्मार्ट मीटर थेट टॉवरशी बोलत नाही. तो शेजारच्या मीटरशी बोलतो, तो त्याच्या शेजाऱ्याशी, आणि असं करत करत निरोप खांबावरच्या गेटवेच्या डब्यात जातो. तिथून चिंचवडला ऑफिसात. आग लागल्यावर माणसं रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतात ना, तसं. मधला एक माणूस गळला की बादली तिथंच. तो गळलेला माणूस शोधायचा, हे माझं काम.

मी मुबीन आतार, राहणार चाकण, वय एक्केचाळीस. बारा वर्षं वायर आणि सिग्नलमध्ये गेली. भूतबाधा, करणी, बाहेरचं वगैरे आमच्या डिपार्टमेंटला येत नाही. शंभरातल्या नव्वद तक्रारी पत्र्यामुळे असतात, नऊ झाडांमुळे, आणि उरलेली एक कुणीतरी मीटरच्या पेटीवर वाळत घातलेल्या गोधडीमुळे.

फेब्रुवारीत खालच्या आळीची तक्रार आली, तेव्हा मला ती पत्र्याचीच वाटली. ही आळी चाकणच्या पुढे, एमआयडीसीच्या दोन रस्त्यांमध्ये चेपून राहिलेली. पूर्वी तिथं आठ घरं होती. सात घरांतली माणसं कुणी वारली, कुणाच्या पोरांनी जागा विकून मोशीला फ्लॅट घेतले, आणि त्या जागेवर दोनशे फूट लांब पत्र्याचं गोडाऊन उभं राहिलं. आठवं घर गोडाऊनच्या मागे एकटं उरलं. ते भीमराज ओव्हाळांचं.

भीमराजकाकांनी बत्तीस वर्षं फाउंड्रीत काढली. भट्टीची धूळ छातीत बसली ती बसलीच. आता दिवसरात्र नाकात नळी आणि पलंगाशेजारी गुडघ्याएवढं ऑक्सिजनचं मशीन. घर्रर्र-फुस्स, घर्रर्र-फुस्स. त्यांची मुलगी मिनल हिंजवडीच्या एका कंपनीत आहे, वडिलांसाठी तिनं घरून काम मागून घेतलंय.

"मुबीनदादा, लाइट जाते त्याचं काही नाही," ती म्हणाली. "गुरुवारी शटडाउन असतोच. बॅकअपचा सिलिंडर साडेपाच तास जातो. पण लाइट आली की सगळीकडे येते आणि आमच्याकडे येत नाही."

त्याचं कारण मला माहीत होतं. या लॉटच्या मीटरांना एक खोड आहे. वीज बराच वेळ गेली की मीटर आतून स्वतःला बंद करून बसतो आणि ऑफिसातून 'चालू हो' असा निरोप आल्याशिवाय घरात वीज सोडत नाही. इतर घरांना निरोप मिनिटाभरात मिळतो. इथं मध्ये दोनशे फूट पत्रा.

"मागच्या गुरुवारी पन्नास मिनिटं लागली," मिनल म्हणाली. "सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात गेला होता. पुढच्या गुरुवारी एवढा वेळ लागला तर काय करायचं सांगा ना मला." तिचा आवाज चिरकला, आणि ती पटकन आत निघून गेली.

"व्हईल सगळं नीट," काका पलंगावरून म्हणाले. "जय भीम, आतार. बसा. मिनल, च्या टाक गं."

२

काकांचा मीटर बाहेरच्या खांबावर, उंच पेटीत. मी खाली उभा राहून हातातलं यंत्र सुरू केलं. यंत्र म्हणजे मोबाइलच्या दुप्पट जाडीचा एक पिवळा डबा. कुठला मीटर कुणाला ऐकतोय ते त्यावर दिसतं. माझा अंदाज होता, शेजारी: शून्य. आजूबाजूला दुसरं घरच नाही, तर ऐकणार कुणाला? गोडाऊनचा मीटर मोठा, वेगळ्या जातीचा, तो आमच्यात बोलत नाही.

शेजारी एक दिसला. आणि तो सिग्नल कसला, मायनस अडतीस! म्हणजे कानाला तोंड लावून बोलल्यासारखा. रस्त्यावरच्या गेटवेपर्यंत काकांच्या मीटरचा निरोप त्या एकट्या शेजाऱ्यामार्फत चालला होता; वाट एकच, म्हणून उशीर होत होता, पण पोचत होता.

झकास, म्हटलं, कुठंतरी जवळच असणार. शोधायला निघालो. सिग्नलची गंमत अशी की दहा पावलं लांब गेलं की आकडा पडतो, जवळ गेलं की चढतो. उन्हाळ्यात लहान मुलं 'गरम-थंड' खेळतात तसा खेळ असतो तो. पण हा आकडा हलेना. घरामागे मायनस अडतीस. गोडाऊनच्या कोपऱ्यावर मायनस अडतीस. पार रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर गेलो, तिथंही तेच. वैतागून यंत्र लोखंडी टूलबॉक्समध्ये टाकलं, झाकण लावलं, मिनिटभरानं काढून त्याची नोंद पाहिली. लोखंडातसुद्धा मायनस अडतीस.

यंत्र बिघडलं असेल असं म्हणून मी ते बंद करून पुन्हा चालू केलं. मग त्या शेजाऱ्याचा नंबर वाचला. शेवटचे तीन आकडे चारशे सतरा. नोंद उघडली आणि माझा चहा हातातच राहिला.

ग्राहक: सोजरबाई खंडू पवळे. पत्ता: खालची आळी, घर क्रमांक एक. मीटर बसवल्याला चौदा महिने झालेले. बसवणारा: मुबीन आतार. ग्राहकाचा मोबाइल नंबर: माझाच.

आता लपवून काय उपयोग! चौदा महिन्यांपूर्वी आम्हाला दिवसाला चाळीस मीटरचं टार्गेट होतं. त्या दिवशी एकोणचाळीस झाले, आणि चाळिसाव्या घराला कुलूप. मी याच टपरीवर बसलो, खोक्यावरचा बारकोड स्कॅन केला, नकाशावर बोटानं त्या घरावर खूण केली. ग्राहकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो, तर तिथं स्वतःचा नंबर टाकला. शेवटी प्रश्न येतो, 'मीटर स्वतः पाहिला?' दाबलं 'होय'. उद्या येऊन बसवू म्हटलं. आमच्यातले सगळेच असं करतात, मी काही जगावेगळा चोर नाही. दुसऱ्या दिवशी मला भोसरीला टाकलं, आणि महिन्याभरात त्या घरावर जेसीबी फिरला.

म्हणजे चारशे सतरा मी कधी बसवलाच नव्हता.

३

घरी आलो तो थेट कपाटावर चढलो. इफ्फत, माझी बायको, खालून बघत होती.

"काय शोधताय? गेल्या ईदपासून तुम्हाला कपाट पुसायला सांगतेय, ते तर नाही ना आठवलं?"

चौदा महिन्यांपूर्वी आणून टाकलेलं खोकं तिथंच होतं, तिच्या जुन्या शिवणयंत्राच्या मागे. धूळ झटकली, टेप कापली. आत मीटर, प्लास्टिकच्या पिशवीत, स्क्रू न लागलेला, वायर न बघितलेला. नंबर तोच. त्याच्या पडद्यावर काही नव्हतं, आणि असणार तरी कसं? वीजच नाही तर मेल्या माशासारखा पडलेला असणार.

मी तो पलंगावर ठेवला आणि मोबाइलवर ऑफिसचं पोर्टल उघडलं. चारशे सतराचं रीडिंग चालू होतं. चौदा महिने, दर अर्ध्या तासाला एक आकडा, एकही चुकलेला नाही. माझ्या मोबाइलवर त्याचे मेसेजसुद्धा येत होते. ऑफिसचे दिवसाला शंभर मेसेज येतात म्हणून मी ती घंटा कधीच बंद करून टाकली होती.

आणि आकडाही कायम एकच. अर्ध्या तासाला शून्य पूर्णांक शून्य तीन. सरळ रेघ. घरात माणूस असला की रेघ उड्या मारते, मिक्सर लागतो, पंखा लागतो, गीझर लागतो. ही रेघ चौदा महिने वर गेली नाही की खाली आली नाही. गुरुवारी शटडाउनमध्ये आख्खा भाग झोपलेला असतानाही ती तशीच. मी हिशोब केला. साठ वॅट. आजकाल साठ वॅटचं घरात काही नसतं, सगळीकडे नऊचे एलईडी. साठ म्हणजे जुना काचेचा पिवळा बल्ब. कुणीतरी एक पिवळा बल्ब लावलाय आणि तो विझवायचं नाव घेत नाही.

"अहो, चेहरा का असा झालाय?" इफ्फतनं विचारलं.

"काही नाही, उन्हाचं," मी म्हणालो. मीटर परत खोक्यात घातला, खोक्यावर शिवणयंत्र ठेवलं. का ठेवलं ते विचारू नका.

४

दोन दिवसांनी काकांकडे गेलो. निमित्त सिग्नल तपासायचं, खरं तर मला विचारायचं होतं.

"काका, सोजरबाई पवळे कोण होत्या?"

काका हसले. दात नव्हते, पण हसू मोठं होतं.

"सोजरमावशी! आळीच्या तोंडाला पहिलं घर तिचंच. दोन वर्सं व्हतील आता तिला जाऊन. आळीत पहिली लाइट तिच्याकडं आली, आतार. तवा आमच्याकडं कंदील. तिच्या दाराबाहेर साठचा बल्ब." नळी सावरून त्यांनी श्वास घेतला. "आमी आळीतले आठ जण सेकंड शिफ्टला. शिफ्ट सुटली की सायकली हाणत यायचं. रस्त्याला खड्डं, कुत्री, काळोख नुसता. पण लांबूनच तिचा बल्ब दिसायचा. दारात पायरीवर बसलेली असायची. एक एक जण गेला की मोजायची. एक झाला, दोन झाले... आठवा आत गेला की मगच बटन बंद करायची. आपली माणसं न्हवती वो आमी तिची, जातीची न्हाई, पातीची न्हाई. तरी बत्तीस वर्सं."

"आठवा कोण असायचा?"

"मीच की! माझी सायकल जड, आणि भट्टीवरनं आलेला माणूस आंघोळ केल्याबिगर निघतोय व्हय? सगळे पुढं जायचे. मावशी वरडायची, भीमा, मेल्या, तुझ्यापायी माझं बिल वाढतंय!" ते हसता हसता खोकले. मिनल पाणी घेऊन धावली.

मी जरा वेळानं हळूच विचारलं, "बाकीचे सात कुठं असतात आता?"

"गेले," काका म्हणाले. "समाधान गेला कोरोनात, तो सातवा. आता मी तेवढा ऱ्हायलोय."

खिडकीबाहेर गोडाऊनचा पत्रा उन्हात चकाकत होता. मला त्या पत्र्याकडे बघवेना आणि नजरही काढवेना. भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी छातीत दाटून आलं, एखाद्या फार मोठ्या दर्ग्यात पहिल्यांदा पाऊल टाकल्यावर येतं ना, तसं. बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या घरच्या माणसांसाठी दारात बसलेली बाई. आणि तो बल्ब अजून चालू आहे.

५

बुधवारी सकाळी आमच्या सुपरवायझरचा, जयदीपचा फोन.

"मुबीनभाऊ, ऑडिट लागलंय. वरून ऑर्डर आहे. ज्या मीटरांची शंका आहे ते सगळे होल्डवर टाकलेत. जागेवर जाऊन, फोटो काढून, स्वतः पाहिला म्हणून कन्फर्म करायचं. उद्या दुपारी तीनपर्यंत जे कन्फर्म नाहीत ते सिस्टीममधून उडणार. तुमचा एकच आहे, चारशे सतरा. तिथं तर गोडाऊन दिसतंय राव नकाशावर?"

"होल्ड म्हणजे?"

"म्हणजे त्याच्यातून दुसऱ्याचा निरोप जाणार नाही, कन्फर्म होईपर्यंत."

"अरे, त्याच्यामागे एक पेशंट आहे! उद्या गुरुवार आहे!"

"मग कन्फर्म करा ना भाऊ. मीटर आहे ना जागेवर?"

'बघतो' म्हणून मी फोन ठेवला. खरं सांगितलं असतं तर चारशे सतरा त्याच क्षणी उडाला असता. गोडाऊनवर बसवायच्या रिपीटरचा, म्हणजे निरोप पुढे देणाऱ्या डब्याचा, अर्ज मी केला होता, पण गोडाऊनच्या मालकाची सही व्हायला पंधरा दिवस लागणार होते. घरी बसून पुन्हा 'होय' दाबावं म्हटलं, तर नव्या अ‍ॅपमध्ये नकाशावर बोट ठेवता येत नाही; त्या जागेपासून दहा फुटांत उभं राहावं लागतं. ती जागा आता गोडाऊनच्या पोटात, तिथं जाऊन फोटो काढणार कशाचा?

मिनलला एवढंच सांगितलं की उद्या सिग्नलचं खात्रीनं सांगता येत नाही, काकांना दिवसभर दवाखान्यात ठेव. काकांनी साफ नकार दिला. "एवढे गुरुवार बगितले, आता ह्यो एक काय मोठा! मी घर सोडत न्हाई." मग खांबावर चढून मीटर हातानं चालू करता यावा म्हणून मी राजगुरुनगरला शिडीच्या गाडीसाठी फोन केला, मिनलनं दुसरा सिलिंडर सांगून ठेवला. दोघांनी करता येईल तेवढं केलं.

पण दिवसभर एक विचार माझं डोकं कुरतडत होता. तो बल्ब काकांपर्यंत वीज पोचवतोय, हे बरोबर. पण तो लावलाय कशासाठी? आठवा घरी यावा म्हणून. मग ती म्हातारी त्यांना जगवतेय की बोलावतेय? मी तिला मदत करतोय की काकांना, हेच मला कळेना.

६

गुरुवारी नऊला लाइट गेली. चाकणमध्ये गुरुवार हा वेगळाच वार असतो. एरवी कारखान्यांतल्या प्रेसचा धाड-धाड आवाज इतका अंगवळणी पडलेला की ऐकू येत नाही. गुरुवारी तो थांबतो आणि कानात दडे बसल्यासारखं होतं. मी टपरीवर बसून राहिलो.

दोन वाजून दहा मिनिटांनी लाइट आली. टपरीवाल्याचा फ्रीज घुरघुरला. दोन पंधराला मिनलचा फोन.

"दादा, आमच्याकडे नाही आली! काटा लाल झालाय, दुसरा सिलिंडर चाकणच्या चौकात अडकलाय, गाडी हलत नाहीये म्हणतात!" तिच्या आवाजामागे काकांचा श्वास ऐकू येत होता, मासा पाण्याबाहेर काढल्यासारखा.

शिडीची गाडी त्याच जाममध्ये. मी यंत्र पाहिलं. ऑफिसचा 'चालू हो' चारशे सतरापर्यंत येऊन थांबला होता. होल्ड.

मी धावलो. गोडाऊनच्या वॉचमनला ओरडून छोटं दार उघडायला लावलं. "मेन स्विच बंद हाय साहेब, सुट्टी हाय, आत काय दिसायचं न्हाई," तो म्हणत राहिला. आत खरंच डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा अंधार, आणि पत्र्याचा तापलेला वास. मोबाइलच्या उजेडात दोन्ही बाजूंना खोक्यांच्या भिंती. अ‍ॅप अंतर सांगत होतं. ऐंशी फूट. साठ. चाळीस.

तिसाव्या फुटाला माझ्या मोबाइलचा उजेड फिका दिसायला लागला, कारण पुढे आधीच उजेड होता.

सिमेंटच्या जमिनीवर पिवळा उजेड पडला होता, आणि त्यात एका चौकटीची सावली. बल्ब दिसत नव्हता, दारही नव्हतं, फक्त उजेड आणि सावली. त्या सावलीत खाली, पायरीएवढ्या उंचीवर, बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांची सावली होती. तोंडातून 'या अल्लाह' निघालं ते मलाच उशिरा ऐकू आलं.

मग आवाज आला. पायडल मारणं थांबवल्यावर सायकलचं चाक करतं तो, टिक् टिक् टिक् टिक्. माझ्या उजवीकडून एक सायकल पुढे गेली आणि विरली. मागून दुसरी. एकामागून एक. मी मोजत होतो, आणि मोजणारा मी एकटा नव्हतो, एवढं मला नक्की कळत होतं. सातव्यानंतर आवाज थांबला. उजेड तसाच राहिला.

आणि तेव्हा मी मान वर केली. गोडाऊनची मागची भिंत जिथं असायला हवी तिथं ती मला दिसली नाही. तिथून पुढे, लांब, त्याच्याही पुढे, दारांबाहेर लावलेले पिवळे बल्ब होते. एकापुढे एक, बारीक बारीक होत गेलेले, संपतच नव्हते. हातातल्या यंत्रावर शेजाऱ्यांचा आकडा एकावरून चाळीसवर गेला, मग नऊशे, मग चार हजार, आणि मग तिथं आकड्यासाठी जागाच उरली नाही. प्रत्येकाचा सिग्नल मायनस अडतीस. मी रडत होतो. भीतीनं नाही. एवढी माणसं कुणाकुणासाठी जागी आहेत, हे बघून माझं मलाच आवरेना.

हातातला मोबाइल किंचाळला. मिनल. त्या आवाजानं मी भानावर आलो. त्या सावलीपर्यंत पुढे गेलो, अंतर दहा फुटांच्या आत आलं. फोटो काढला, कशाचा ते न बघता. प्रश्न आला, 'मीटर स्वतः पाहिला?' चौदा महिन्यांपूर्वी हाच प्रश्न, हेच बोट.

"मावशी," मी म्हणालो, आणि माझा आवाज पत्र्यावर आपटून परत आला. "जाऊ द्या निरोप. एवढ्यात नको. पोरगी एकटी आहे त्यांची."

होय दाबलं.

यंत्रावर 'होल्ड' पुसलं गेलं. काही सेकंदांनी पत्र्यापलीकडून, खऱ्या जगातून, मिनलची किंकाळी आली, "आली! आली! मुबीनदादा, आली!" आणि तिच्यामागून मशीनचं घर्रर्र-फुस्स. समोर आता अंधार होता, खोकी होती, आणि भिंत होती.

बाहेर आलो तर जयदीपचा फोन. "फोटो अ‍ॅप्रूव्ह केला भाऊ, मीटर एकदम क्लिअर. पण काय राव ही लोकं, भरदिवसा बाहेरचा बल्ब कशाला चालू ठेवतात?"

मोबाइलवरचा तो फोटो आजवर उघडून पाहिलेला नाही.

७

मार्चमध्ये रिपीटर बसला. काकांच्या मीटरला आता चारशे सतराची गरज उरली नाही, पण मी तो काढायचा अर्ज केला नाही. रोज सकाळी चहाच्या आधी पोर्टल उघडायचो आणि रेघ बघायचो. सरळ असली की हुश्श म्हणून चहा घ्यायचो. दर गुरुवारी काकांकडे चक्कर. "काय आतार, चालू हाय ना बल्ब?" ते विचारायचे. मी त्यांना कधीच काही सांगितलेलं नव्हतं.

जूनमधला मंगळवार. मी मोशीत एका सोसायटीच्या शिडीवर होतो. खिशात मेसेज वाजला. चारशे सतराची घंटा मी आता चालू ठेवली होती. 'आपल्या मीटरचा वापर शून्य आहे. वेळ ११:४२.'

मी शिडीवरून उतरलो, हत्यारं तिथंच टाकली आणि गाडी काढली. मिनलचा फोन आला तेव्हा मी आळीच्या तोंडाला पोचलो होतो.

लाइट होती, मशीन चालू होतं, सिग्नल चांगला होता. कुणाचीच चूक नव्हती. मिनल उंबऱ्यात बसलेली. "सकाळपासून बरे होते हो," ती म्हणाली. "उठून बसले, चप्पल मागितली. मला विचारलं, माझी सायकल कुठं ठेवलीस? मी म्हटलं, पप्पा, सायकल कधीच विकली. तर म्हणाले, असू दे, दिसतंय मला." ती माझ्याकडे बघत राहिली. "दादा, तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर आत्ता फोन लावला."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार होतो? आत काका झोपल्यासारखे दिसत होते, दमून घरी आलेल्या माणसासारखे.

संध्याकाळी सगळं आटोपून घरी आलो. आंघोळ केली. कपाटावरून खोकं काढलं, म्हटलं आता हा मीटर उद्या ऑफिसात जमा करू, सगळं कबूल करू, चारशे सतरा बंद करून टाकू. आठव्या माणसाचं काम झालं होतं. बटण बंद झालं होतं. मला तिच्यासाठी बरं वाटत होतं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. 'आपल्या मीटरचा वापर सुरू झाला आहे. वेळ ७:००.'

पोर्टल उघडलं. साठ वॅट. आळीत आता कुणी राहिलं नव्हतं, आठही जण पोचले होते. मग कुणासाठी? नोंद पुन्हा वरपासून वाचली. ग्राहक, पत्ता, आणि त्याखाली मोबाइल नंबर. माझा.

खोकं मी परत कपाटावर ठेवलं. या गोष्टीला आता वर्ष होत आलं. रेघ सरळ आहे, आज सकाळीही पाहिली. इफ्फतला काही सांगितलेलं नाही. ती एवढंच म्हणते की तुम्ही हल्ली गाडी फार सावकाश चालवता.